आधी दिशा, मग मशीन: शेतकरी कंपनीत धोरण, प्रकल्प आणि प्रयोग एका दोरीत बांधायचे कसे

आमच्या गोदामाच्या मागच्या पडवीत हळद पॉलिश करायचा ड्रम उभा आहे. निळा रंग, मोटर जोडलेली, बाजूला योजनेचा फलक. मागच्या उन्हाळ्यात पडवी झाडायला गेलो तर ड्रमच्या झाकणातून कोंबडी फडफडत बाहेर आली. आत सात अंडी.

या ड्रमचा प्रकल्प कागदावर पाहिला तर चूक काढता येणार नाही. तीन कोटेशनं घेतली, मुदतीच्या आधी मशीन आलं, ठरलेल्या खर्चातले चार हजार उरले, फोटो अपलोड झाले, फीत कापली, पेढे वाटले. फक्त आमच्या अकरा गावांत हळद जवळपास नाही. हळद आहे ती उमरखेड-महागावकडे, वाशीमकडे. आमचा दारव्हा तालुका म्हणजे सोयाबीन, तूर आणि कापूस. मग घेतला कशाला? योजनेच्या यादीत होता, आणि मार्च जवळ आला होता.

मी आमच्या अकरा गावांतल्या शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपनीचा सीईओ. नाव मोठं, काम साधं. बी.कॉम. झाल्यावर नऊ वर्षं एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, दिवाणजी होतो, म्हणजे हिशेबाची सवय आहे. ड्रम माझ्याच सहीनं आला. त्यानंतरच्या तीन हंगामांत आम्ही काम करायची पद्धत बदलली, ती इथे लिहितो. शेतकरी उत्पादक कंपनी, बचतगटांचा महासंघ, गावातली दूध संस्था, कोणालाही ती लावता येईल. एमबीएची गरज नाही. भिंत, खडू आणि मूठभर तूर लागते.

पट्ट्या घेऊन बसा

धोरण ठरवायचं म्हटलं की लोक शहरातून कोणाला तरी बोलावतात. तो पडद्यावर 'व्हिजन', 'मिशन' दाखवतो, आपण चहा पितो. आमच्याकडेही झालं. 'शेतकऱ्यांचा सर्वांगीण विकास' असं वाक्य निघालं आणि फ्लेक्सवर छापलं. त्या वाक्यात हळदीचा ड्रमही बसतो, शेळीपालनही बसतं, मंगल कार्यालयही बसतं. ज्या वाक्यात काहीही बसतं ते टाकून द्या.

त्याऐवजी मी सभासदांकडून मागच्या तीन वर्षांच्या बाजार समितीच्या पट्ट्या, म्हणजे माल विकल्याच्या पावत्या, मागवल्या. दोन पोती भरली. काही भिजलेल्या, काही लेकरांनी गणितं करून रंगवलेल्या. आठ दिवस बसून पीक, महिना, भाव, कपात आणि भाडं असं वहीत उतरवलं. धोरण या वहीतून निघतं, कारण सभासदाचा पैसा नेमका कुठे गळतो ते इथे दिसतं.

आमच्या वहीत दिसलं ते असं. तूर बहुतेकांनी जानेवारी-फेब्रुवारीत, आवक सगळ्यात जास्त असताना, खळ्यावरून थेट विकली. आणि त्याच घरांनी आखाडात किराणा दुकानातून डाळ विकत आणली. आमची तूर अकोल्याच्या डाळ मिलला जाते आणि पाकिटात बसून परत येते. दोन्ही भाडी आपलीच.

त्यावरून वाक्य ठरलं: 'तीन हंगामांत सभासदांची निम्मी तूर डाळ होऊन विकली जाईल, आणि वाढलेला पैसा त्यांच्या खात्यात जाईल.' किती, कशाची, कधीपर्यंत आणि कोणाच्या खिशात, ही चारही उत्तरं त्यात आहेत. ऑइलपेंटनं गोदामाच्या भिंतीवर लिहिलं. फ्लेक्स वाऱ्यानं फाटतो.

खरी अडचण पुढे आली. वाक्याच्या खाली 'काय करणार नाही' तेही लिहायचं असतं. मी लिहिलं: कापूस नाही, सोयाबीनचं तेल नाही. अध्यक्ष काकाजी उठलेच.

"कापूस नाही तं मंग कंपनी कायची बे? यवतमाळ जिल्ह्यात बसून कापूस नाही म्हंतो, लोकं हासतीन ना आपल्याले."

मी जिनिंगमधली नऊ वर्षं त्यांच्यासमोर मांडली. जिनिंग-प्रेसिंगला कोटींत भांडवल लागतं, गठाणीचा भाव आपल्या हातात नाही, आणि तालुक्यातल्या जिनिंगच अर्धा हंगाम उपाशी चालतात. काकाजी पटले असं नाही म्हणणार. गप्प बसले. पण 'नाही'ची यादी लिहिली गेली आणि पुढच्या दोन वर्षांत तीन आयते प्रस्ताव त्या दोन ओळींनी परत पाठवले. त्यातला एक तर फुकट मिळणारा तेलघाणा होता.

प्रकल्पाचं एक पान, आणि दहा दाणे

आता कोणीही नवीन काम सुचवलं की एक पान भरायचं. आमच्या पानावर पाच प्रश्न आहेत. भिंतीवरच्या वाक्यातला कोणता शब्द या कामानं पुढे सरकतो? काम झालं हे कशावरून कळेल? रोख किती लागेल आणि कोणत्या महिन्यात? रोज लक्ष कोण देणार, म्हणजे कोणता माणूस? आणि हे केलंच नाही तर काय बिघडतं?

शेवटच्या प्रश्नात निम्मी कामं गळतात. ड्रमचं पान मी नंतर मुद्दाम भरून पाहिलं. 'केलं नाही तर काय बिघडतं' समोर लिहिलं: अनुदान परत जातं. बस्स, तेवढंच. हे उत्तर ज्या पानावर असेल ते काम आपलं नाही.

दुसऱ्या प्रश्नात एक सापळा आहे. 'मशीन बसलं' हे काम झाल्याचं लक्षण नव्हे. मशीन बसलं की योजनेचं काम झालं, कंपनीचं सुरूही झालेलं नाही. डाळ मिलच्या पानावर आम्ही लिहिलं: 'पहिली पन्नास क्विंटल डाळ विकली आणि सभासदांना फरकाची रक्कम पोचली.' या एका वाक्यामुळे आमच्या कामात वाळवण, पाकीट, वजनकाटा आणि गिऱ्हाईक हे सगळं आपोआप आलं. नाहीतर मशीनच्या पावतीवर फाइल बंद झाली असती.

पानं भरली की निवड. आमच्या बोर्डावर दहा संचालक आहेत, त्यात तीन बाया. कायद्यानं उत्पादक कंपनीत पाच ते पंधरा संचालक चालतात, आणि सभासदाचे शेअर कितीही असोत, मत एकच. पण मीटिंगमध्ये मतं दोघातिघांचीच ऐकू येतात. ज्याचा आवाज मोठा त्याचा प्रकल्प. म्हणून मी प्रत्येकाला तुरीचे दहा दाणे दिले. टेबलावर सहा वाट्या, प्रत्येक वाटीखाली एक पान. ज्या कामानं भिंतीवरचं वाक्य सगळ्यात जास्त पुढे सरकेल असं वाटतं तिथे जास्त दाणे टाका. बोलायचं नाही.

पहिल्यांदा केलं तेव्हा सगळे हसले. लेकरांचा खेळ आहे काय म्हणाले. मग दाणे मोजले. अध्यक्षांच्या आवडीच्या ट्रॅक्टर-अवजार केंद्राला शंभरपैकी नऊ, आणि कोपऱ्यातल्या 'सिमेंटचं वाळवण अंगण' या पानाला एकतीस. ते पान एका ताईनं भरलं होतं. दोन वर्षांत ती मीटिंगमध्ये चहा हवा की नको याशिवाय काही बोललेली नव्हती. अंगण कशाला, असं विचारलं तेव्हा म्हणाली, "मशीन फोडते हो भाऊ, पण दाना वाळला नाही तं फोडन काय? वाळवतो तं आमी बाया. आमाले इचारा." तिचं बरोबर होतं, किती बरोबर ते पुढे येईल.

एका वेळी दोनच कामं चालू ठेवा. हा नियम मोडायचा मोह फार होतो, कारण संधी कमी नाहीत. पण आमच्याकडे मी, एक हिशेबनीस पोरगी आणि एक मिल चालवणारा भाऊ एवढेच. तिसरं काम घेतलं की तिन्ही रखडतात. बाकीची पानं खिळ्याला टांगून ठेवायची. त्याला आम्ही 'वेटिंग लिस्ट' म्हणतो. टांगलेलं पान मेलेलं नसतं.

योजनांबद्दल इथेच सांगतो. योजना वाईट नाहीत. २०२० च्या दहा हजार एफपीओच्या (शेतकरी उत्पादक संघटनांच्या) केंद्रीय योजनेत व्यवस्थापनासाठी तीन वर्षांत अठरा लाखांपर्यंत ठेवले होते, कृषी पायाभूत निधीत दोन कोटींपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याज सवलत ठेवली होती. असं काही मिळत असेल तर घ्यायचंच. फक्त क्रम पाळा: आधी पान, मग दाणे, आणि मग या कामाला कोणती योजना बसते ते शोधा. आणि अनुदान बहुतेक वेळा नंतर जमा होतं, तोवर आपलाच पैसा अडकतो. तिसऱ्या प्रश्नात महिना म्हणून विचारलाय. आमचे पैसे ऐन तूर खरेदीच्या दिवसांत अडकले होते आणि सभासद खाजगी व्यापाऱ्याकडे गेले. त्यांना दोष देता येत नाही.

उलटं मोजा

मिलचं मशीन ठरलं. अकोल्याच्या कृषी विद्यापीठानं विकसित केलेली पीकेव्ही मिनी डाळ मिल विदर्भात पुष्कळ गावांत दिसते, आम्हीही तीच घेतली. ज्या १९६९ साली ते विद्यापीठ सुरू झालं त्याच साली तिकडे अमेरिकेत प्रकल्प व्यवस्थापनाची पीएमआय ही संस्था निघाली. योगायोग आहे, पण मला आवडतो.

वेळापत्रक नेहमी शेवटापासून मागे मोजा. आमचा शेवट निसर्गानं ठरवलेला. तूर सोयाबीनच्या ओळींत जूनअखेर-जुलैत पेरली जाते, डिसेंबर ते फेब्रुवारी खळ्यावर येते. म्हणजे डिसेंबरच्या शेवटी मिल फिरलीच पाहिजे. तिथून मागे जाऊन प्रत्येक कामाला किती दिवस लागतात ते लिहायचं, आणि कोणतं काम कोणाशिवाय सुरूच होत नाही ते दोऱ्यानं जोडायचं. मी खरोखर सुतळी आणि खिळे घेतले. चिठ्ठ्या खिळ्याला, खिळ्याखिळ्यांत सुतळी. सगळ्यात लांब सुतळी ज्या चिठ्ठ्यांतून जाते त्यांत एक दिवस उशीर म्हणजे अख्ख्या कामाला एक दिवस उशीर. १९५७ च्या सुमारास ड्यूपाँ कंपनीत रसायन कारखान्यांच्या कामासाठी ही पद्धत बसवली गेली, पुस्तकात तिला क्रिटिकल पाथ म्हणतात. आमच्याकडे 'लांब सुतळी'.

पहिल्या वर्षी मी लांब सुतळी चुकीची धरली. मला वाटलं मशीन यायला वेळ लागेल, म्हणून सगळा जोर तिथे. मशीन नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आलं. थ्री फेज विजेच्या वाढीव लोडचा अर्ज मी दिवाळीनंतर दिला, आणि कनेक्शन मिळालं फेब्रुवारी संपता संपता. तोवर तूर गेलेली. शंभर दिवस मशीनवर ताडपत्री होती आणि गावात चर्चा होती की हाही ड्रमच निघाला.

म्हणून जो कोणी मिल, घाणा, शीतगृह काहीही करत असेल त्याला सांगतो: विजेचा अर्ज पहिल्या दिवशी, मशीनचं कोटेशन मागवायच्याही आधी. ज्या चिठ्ठीवर दुसऱ्याच्या टेबलावरची सही आहे तिच्यावर लाल खडूनं गोल करा. आमच्या भिंतीवर असे चार गोल होते: वीज, अन्नसुरक्षेचा परवाना, वजनकाट्याची पडताळणी आणि बँकेची कॅश क्रेडिट मर्यादा. पाकिटावर काय छापायचं हेही आधी पाहून घ्या. निव्वळ वजन, पॅकिंगचा महिना, एमआरपी, पॅक करणाऱ्याचा पत्ता, परवाना क्रमांक. आम्ही महिना छापायची जागाच न ठेवता दोन हजार पाकिटं छापली. त्यात आता बियाणं ठेवतो.

नवा प्रयोग कुठे करायचा, ते हिशेब सांगतो

'काहीतरी नवीन करा' असं सगळेच सांगतात. ड्रोन घ्या, ॲप काढा, क्विनोआ पेरा. नवीन काय करायचं ते भिंतीवरच्या वाक्यानंच ठरलं पाहिजे, आणि त्यासाठी एका क्विंटलचा हिशेब मांडून पाहा. आकडे सोपे व्हावेत म्हणून गोल धरतो, तुम्ही तुमचे टाका.

एक क्विंटल तूर, ७,००० रुपये. त्यातून ७० किलो डाळ, किलोला ११५ नं झाले ८,०५०. चुनी (डाळीचा भुगा) आणि टरफल २५ किलो, १८ नं ४५०. पाच किलो वाळणीत आणि कचऱ्यात गेले. एकूण आले ८,५००. खर्च: मजुरी, वीज, तेल मिळून ४००, बारदाना-पाकीट आणि भाडं ३००, आणि डाळ विकून पैसे येईपर्यंतच्या तीन महिन्यांचं बारा टक्क्यांनी व्याज २१०. हातात राहिले ५९०.

आता डाळ ७० ऐवजी ६५ किलोच निघाली असं धरा. पाच किलो डाळीचे ५७५ गेले. तीच पाच किलो चुनीत गेली म्हणून ९० परत आले. हातात राहिले १०५. एका क्विंटलमागे शंभर रुपयांसाठी कोणता शेतकरी तीन महिने थांबेल?

हा हिशेब मी बोर्डापुढे खडूनं मांडला तेव्हा पहिल्यांदा सगळ्यांना एकच गोष्ट दिसली: आपलं अख्खं धोरण त्या पाच किलोवर उभं आहे. म्हणजे प्रयोग तिथेच करायचे.

आणि पाच किलो कुठे जातात? मिल चालवणाऱ्या भावानं मला एक दिवस हातात दाणा देऊन दाखवलं. तुरीचं टरफल आतल्या डाळीला डिंकासारखं चिकटलेलं असतं. म्हणून आधी रोलरवर दाण्याला ओरखडे पाडायचे, मग पाणी किंवा तेलाचा हात द्यायचा, ढीग करून झाकून ठेवायचं, आणि मग उन्हात वाळवायचं. आत ओलावा जातो, ऊन लागलं की टरफल सुटतं. वाळवण अर्धवट झालं तर टरफल सोलताना डाळीचा भुगा होतो. त्यानं दोन दाणे दाताखाली फोडले. एक 'कट्' वाजला, एक दबला. "हा वाजला तो डाळ, हा दबला तो चुनी," म्हणाला. मिलच्या दारात आता हाच नियम आहे: प्रत्येक लॉटचे दहा दाणे चावून पाहायचे, नऊ वाजले तरच मशीनमध्ये. ओलावा मोजायचा मीटरही आहे. पण भाऊ आधी चावतो, मग मीटर लावतो.

अंगण म्हणूनच एकतीस दाण्यांचं होतं. मातीत वाळवलेल्या डाळीत खडे येतात आणि खालून ओल चढते. अंगण झालं, वाळवण एकसारखं झालं.

प्रयोगांचे आमचे नियम थोडे आहेत, पण सक्त आहेत. वर्षाच्या नफ्यातला दहावा हिस्सा प्रयोगाला, तो बुडाला तरी कोणी कोणाला बोलायचं नाही. सुरू करायच्या आधी कागदावर तीन गोष्टी लिहायच्या: जास्तीत जास्त किती रुपये, कोणत्या तारखेपर्यंत, आणि कोणता आकडा दिसला तर पुढे जायचं. तारीख आणि आकडा आधी लिहिण्याचं कारण माणसाचा स्वभाव. नंतर प्रत्येकाला आपला प्रयोग 'थोडक्यात हुकला' असंच वाटतं.

एक प्रयोग अगदी फुकटातला होता. लाल आणि पांढरी तूर वेगळी दळून पाहायची. बीडीएन ७११ या वाणाची तूर पांढरी, लवकर निघते. बीएसएमआर ७३६ लाल, उशिरा येते. आधी आम्ही सगळी एकाच ढिगात ओतायचो. वेगळी दळली तर दाण्याचा आकार एकसारखा राहतो, रोलरची फट एकदाच बसवावी लागते. कागदावर लिहिलं होतं: दहा क्विंटलच्या लॉटमागे किलोभर जरी फरक पडला तरी वेगळे कप्पे करायचे. फरक त्याहून बराच जास्त पडला. आज गोदामात दोन कप्पे आहेत, खर्च फक्त बांबूच्या ताट्यांचा.

दुसरा प्रयोग माझा लाडका होता आणि तो मेला. गावातून पुण्याला गेलेल्या घरांना एक-एक किलोची पाकिटं कुरिअरनं पाठवायची. व्हॉट्सॲप ग्रुप काढला, 'गावची डाळ' म्हणून लोकांनी कौतुक केलं, फोटो टाकले. लिहिलेला आकडा होता: तीन महिन्यांत साठ घरांनी दुसऱ्यांदा मागवलं तर पुढे. मागवलं सतरांनी. एका किलोला कुरिअरचा खर्चच डाळीच्या निम्म्याला भिडायचा. मी बोर्डापुढे आणखी दोन महिने मागितले. तीच चहावाली ताई म्हणाली, "भाऊ, कागद तुमीच लिहला होता ना?" त्या दिवशी बंद. मात्र त्या सतरा घरांतल्या दोघांनी दिवाळीत आपल्या सोसायटीसाठी पन्नास-पन्नास किलो एकदम मागवली, ती ट्रान्सपोर्टनं गेली आणि परवडली. ते आता वेगळं पान म्हणून खिळ्याला टांगलं आहे.

तिसरा अजून चालू आहे. पावसाळ्यात ढग आले की वाळवण थांबतं आणि मिल रिकामी राहते. पॉलिथिनचा बोगदा करून त्यात वाळवून पाहतोय. पहिल्या पावसात अर्धा बोगदा वाऱ्यानं नेला, शेजारच्या पऱ्हाटीत सापडला.

फाटक

प्रकल्प एकदा सुरू झाला की थांबवत कोणी नाही. म्हणून थांबायची जागा आधीच बांधून ठेवावी लागते. व्यवस्थापनाच्या पुस्तकात याला 'स्टेज-गेट' म्हणतात. आमच्याकडे हे फाटक म्हणून लगेच कळलं, कारण दारव्ह्याला शकुंतलेचं, म्हणजे इथल्या छोट्या रेल्वेचं, फाटक सगळ्यांनी पाहिलेलं. गाडी आली नाही तरी थांबायचं.

शकुंतलेवरून आठवलं. यवतमाळ-मूर्तिजापूर ही छोटी लाइन किलिक निक्सन या इंग्रजी कंपनीनं घातली. वऱ्हाडातला कापूस मुंबई बंदराला आणि तिथून विलायतेला जावा म्हणून. काम चोख होतं, पूल मजबूत होते. पण रूळ कुठून कुठे जायचे हे दुसऱ्याच्या धोरणानं ठरलं होतं, आणि प्रकल्प त्याच धोरणाचा झाला. लहानपणी त्या गाडीत बसलोय, त्यामुळे प्रेम आहे तिच्यावर, तरी हे दिसतं.

आता व्यवहाराचं. उत्पादक कंपनीला कायद्यानं तीन महिन्यांतून एकदा तरी, वर्षात किमान चार, बोर्डाच्या बैठका घ्याव्याच लागतात. बऱ्याच ठिकाणी त्या रजिस्टरवर सह्या करण्यापुरत्या होतात. त्याच चार बैठका फाटक करा, वेगळी समिती नको. पंचांग शेतीला जुळवा. आमचं एक फाटक पेरणी आटोपल्यावर जुलैत, एक दसऱ्याच्या आसपास, एक तूर सुरू व्हायच्या आधी डिसेंबरात आणि एक मार्चमध्ये हिशेब बंद व्हायच्या आत. जुलैत नवीन कामांना दाणे, दसऱ्याला लाल गोलांची तपासणी, डिसेंबरात रोख पुरेल का, मार्चमध्ये भिंतीवरचं वाक्य किती सरकलं.

फाटकावर प्रत्येक चालू कामाचं पान काढायचं आणि तीनच निकाल द्यायचे: पुढे, थांब, बंद. 'पाहू' हा निकाल नाही. आणि 'आतापर्यंत एवढे लागले' हे वाक्य फाटकावर बोलायला मनाई. काकाजींनीच ही मनाई सुचवली. म्हणाले, "गेलेला बैल गेला, त्याच्या मांगं दावं घेऊन कुठवर धावतं?"

मार्चच्या फाटकावर मी एकच तक्ता लावतो. एकूण तूर किती आली, त्यातली डाळ किती झाली, क्विंटलमागे किती किलो उतरली, आणि सभासदांना फरक किती गेला. पहिल्या खऱ्या हंगामात आमची पाचवा हिस्सा तूर डाळ झाली, दुसऱ्यात तिसऱ्या हिश्श्याच्या थोडी वर. निम्म्यापर्यंत पोचायला एक हंगाम उरलाय आणि मला वाटतं आम्ही थोडे कमी पडू, कारण अडचण आता मिलची नाही, खेळत्या भांडवलाची आहे. म्हणून या जुलैत गोदामात ठेवलेल्या मालाच्या पावतीवर कर्ज घ्यायचं पान वाटीखाली जाणार आहे. त्यासोबत चुनीचं पशुखाद्य करायचं एक पान आहे, ताईचंच.

ड्रम अजून पडवीत आहे. पाच वर्षं विकता येणार नाही अशी अट आहे, त्यातली दोन उरलीत. उमरखेडच्या एका गटाशी बोललोय, मुदत संपली की घेऊन जातील. तोवर कोंबडीला हलवू नका असं ताईनं सांगितलंय.